तो वुजू करत नव्हता

मागच्या रमजान ईदच्या चार दिवस आधी आमच्या घरी एक हॅमस्टर आला आणि ईदच्या तिसऱ्या दिवशी सकाळी तो मेला. मुठीत मावेल एवढा जीव. त्याच्यावर लेख काय लिहायचा, असं काही जण म्हणतील. पण ही गोष्ट माझ्या मनातून गेली नाही. माघ पौर्णिमेला कचारगडच्या डोंगरात एका सहकाऱ्याने सहज उच्चारलेल्या एका वाक्याने तिचा अर्थ मला लागला. म्हणून लिहितो.

आम्ही गोंदियात राहतो. माझ्या दहा वर्षांच्या लेकीने मोबाईलवर हॅमस्टरचे व्हिडिओ पाहून हट्ट धरला होता. नागपूरच्या एका दुकानात तो मिळाला. बदामी रंगाचा होता म्हणून नाव ठेवलं बादाम. दुकानदाराने सोबत तारेचा छोटा पिंजरा, मूठभर कापूस आणि सूर्यफुलाच्या बियांची पुडी दिली. वर सांगितलं, "काही त्रास नाही याचा. रविवारी आंघोळ घाला, बस." पुठ्ठ्याच्या खोक्यात घालून रेल्वेने त्याला घरी आणलं. अम्मीने चष्मा वर करून पाहिलं आणि निकाल दिला, "चूहा ही तो है!"

पिंजरा बैठकीत टीव्हीशेजारी ठेवला. गल्लीतली मुलं जमली. प्रत्येकाला त्याला हातात घ्यायचं होतं. खाली ठेवलं की तो कोपऱ्यात जाऊन मागच्या पायांवर बसायचा, पुढचे दोन्ही पंजे चाटायचा आणि घाईघाईने तोंडावरून फिरवायचा. मग कानांमागून. लेक ओरडली, "अब्बू, देखो, वुजू कर रहा है!" हात, तोंड, कान. खरंच तसं दिसत होतं. मी व्हिडिओ काढला आणि खानदानाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला. माशाअल्लाहचा पाऊस पडला. त्यानंतर तो खेळच झाला. उचलायचं, गोंजारायचं, खाली ठेवायचं आणि 'वुजू' बघायचं. ईदच्या दिवशी शीरखुर्मा प्यायला आलेल्या प्रत्येक पाहुण्याला आम्ही तो खेळ दाखवला.

ईदच्या दुसऱ्या दिवशी मुलांनी ठरवलं की बादामचं गुस्ल राहिलंय. कोमट पाणी, थोडा शाम्पू. मीही अडवलं नाही, दुकानदारानेच तर सांगितलं होतं. पुसून त्याला पंख्याखाली ठेवलं. रात्री तो कापसाच्या गोळ्यात अंग आकसून बसला होता. सकाळी फजरनंतर मी पाहिलं तर थंड पडला होता.

लेकीने एकच प्रश्न विचारला, "तो तर खूश होता ना?"

त्या प्रश्नाचं उत्तर शोधायला मी वाचायला लागलो, एका पशुवैद्यक मित्राला विचारलं आणि जे कळलं ते इथे सांगतो. ज्यांच्या घरी असा जीव येणार आहे, त्यांच्या उपयोगी पडेल.

हॅमस्टर आपलं अंग स्वतः साफ करतो, मांजरीसारखं. दिवसातून कितीतरी वेळा. निवांत असेल तेव्हा त्याच्या या कामाला एक क्रम असतो. आधी पंजे चाटणं, मग नाकाभोवती छोटे छोटे हात, मग गाल आणि कानांमागून मोठे हात, मग कूस, पोट, मागचे पाय आणि शेवटी शेपटीकडचा भाग. डोक्याकडून शेपटीकडे. उंदीर आणि त्याच्या भाऊबंदांवर काम करणाऱ्या शास्त्रज्ञांनी हा क्रम बारकाईने नोंदवला आहे. त्यांनी आणखी एक गोष्ट नोंदवली. हा प्राणी निवांत असला तरी अंग साफ करतो आणि घाबरलेला असला तरी करतो. फरक पद्धतीत असतो. घाबरलेला जीव फक्त तोंडावरून घाईने हात फिरवतो, मध्येच थांबतो, कान टवकारतो, पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. क्रम पुरा होत नाही. परीक्षेच्या हॉलबाहेर आपण पुन्हा पुन्हा केसांवरून हात फिरवतो, शर्टाची बटणं चाचपतो, तसं काहीसं. आणि अगदीच भेदरला तर तेवढंही करत नाही. दगडासारखा थिजून बसतो. त्याला आपण 'शांत स्वभावाचा' म्हणतो.

मी माझाच व्हिडिओ पुन्हा पाहिला. बादाम तोंडाच्या पुढे गेलाच नव्हता. कूस नाही, पोट नाही. तोंड, थांबणं, तोंड, थांबणं.

दुसरं कारण वासाचं. हॅमस्टरला फार दूरचं नीट दिसत नाही. त्याचं जग वासाचं आणि आवाजाचं. घरोघरी सर्वात जास्त पाळला जातो त्या सोनेरी किंवा सीरियन हॅमस्टरच्या दोन्ही कुशींवर गंधग्रंथी असतात. काळपट ठिपक्यासारख्या दिसतात, नवखे लोक त्यांना चामखीळ समजून घाबरतात. त्या ग्रंथींचा वास तो भिंतींना, वस्तूंना घासतो. ही जागा माझी, असं लिहून ठेवण्याची त्याची ती रीत. त्याच्या केसांवरचा वास हे त्याचं आधार कार्ड समजा. आपण हातात घेतलं की त्यावर आपला वास बसतो, अत्तराचा, कांद्याचा, साबणाचा. खाली ठेवल्यावर तो ते पुसून पुन्हा स्वतःचा होऊ पाहतो. यात आपला अपमान नाही, की आपल्यावरचं प्रेमही नाही. ते आपल्यासाठी नसतंच. आमच्या घरी पाहुण्यांच्या तीसेक हातांचा वास त्याच्या अंगावर बसला. तो प्रत्येक वेळी पुसत होता आणि आम्ही टाळ्या वाजवत होतो.

आणि आंघोळ. हॅमस्टरला पाण्याने कधीही आंघोळ घालायची नसते. त्याच्या केसांवर नैसर्गिक तेलाचा थर असतो, तो अंगाची ऊब धरून ठेवतो. शाम्पूने तो जातो, ओलं अंग झपाट्याने थंड पडतं आणि घाबरलेल्या लहान जीवाला ते झेपत नाही. त्याला स्वच्छ व्हायला मदतच करायची असेल तर वाटीत कोरडी बारीक स्वच्छ वाळू द्यावी. त्यात तो लोळतो. वाळूच, पावडर नव्हे. पावडरीची धूळ फुप्फुसात जाते. दुकानदाराने दिलेला कापूसही चुकीचा. त्याचे धागे पायांना गुंडाळतात, पोटात गेले तर अडकतात. साधे, सुगंध नसलेले टिश्यू पेपर फाडून द्यावेत, तो स्वतः त्यांची गादी करतो.

हा प्राणी आला कुठून, हेही वाचलं आणि चकित झालो. सीरियातल्या हलबच्या परिसरातून. जगाला अलेप्पो म्हणून माहीत असलेलं हेच शहर, जे आपण युद्धाच्या बातम्यांत पाहत आलो. 1839 मध्ये इंग्रज प्राणिशास्त्रज्ञ वॉटरहाउस यांनी या प्राण्याचं शास्त्रीय वर्णन केलं. 1930 मध्ये जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातले इस्रायल आहारोनी यांनी हलबजवळच्या एका शेतात खोल खणून एक मादी आणि तिची 11 पिल्लं पकडली. आज घरोघरी असलेले सोनेरी हॅमस्टर जवळपास सगळे त्या एका बिळाची संतती आहेत. त्या कहाणीतला एक तपशील मला विसरता येत नाही. बिळातून उपसून खोक्यात ठेवल्याबरोबर त्या मादीने आपल्याच एका पिल्लाला मारलं. तिला क्रूर म्हणणं सोपं आहे. पण जिचं घर क्षणात नाहीसं झालं, आजूबाजूला परका वास, परका उजेड, अशा आईने काय केलं, याचा न्याय आपण करू नये. उपसलेल्या जीवाची अवस्था काय होते, एवढंच त्यातून समजून घ्यावं.

रानात हॅमस्टर एकटा राहतो. हलबच्या परिसरात नंतर शास्त्रज्ञांनी बिळं तपासली तेव्हा एका बिळात एकच मोठा हॅमस्टर सापडला आणि बिळांची खोली सरासरी 65 सेंटिमीटर भरली. म्हणजे साधारण दीड हात मातीखाली, अंधारात, एकट्याने राहणारा हा जीव. त्याला आम्ही टीव्हीशेजारी, ट्यूबलाइटखाली, तारेच्या पिंजऱ्यात ठेवलं होतं. लपायला मूठभर कापूस.

आता कचारगडची गोष्ट.

माझी नोकरी सालेकसा तालुक्यातल्या एका शाळेत आहे. कचारगड याच तालुक्यात, छत्तीसगडच्या सीमेला लागून. माघ पौर्णिमेला तिथे गोंड समाजाची मोठी यात्रा भरते. महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणातून लोक येतात. दरेकसा स्टेशनवर उतरायचं, धनेगावला जायचं, तिथून जंगलातून डोंगराची वाट. माझे एक सहकारी शिक्षक गोंड आहेत. दरवर्षी बोलवायचे. यंदा लेकीला घेऊन गेलो. पिवळे फेटे, पिवळे गमछे, ढोल, भेटेल त्याला 'जय सेवा'. गर्दी होती तरी आम्हाला कुठे परकं वाटलं नाही.

वर मोठी नैसर्गिक गुहा आहे. सहकाऱ्याने लेकीला तिची कथा सांगितली. गोंड परंपरा सांगते की काली कंकालीची मुलं या गुहेत कोंडली गेली होती. पारी कुपार लिंगो आणि जंगो रायताड यांनी त्यांना सोडवलं आणि पुढे हीच मुलं कोया धर्माची वाट चालली. लेक गुहेच्या तोंडाशी बराच वेळ उभी राहिली. मग माझा हात ओढून हळूच म्हणाली, "अब्बू, हमने भी बादाम को बंद किया था ना?"

मला लगेच उत्तर सुचलं नाही. खरं तर तिचा प्रश्न अर्धाच बरोबर होता. त्या मुलांना गुहेतून बाहेर यायचं होतं. बादामला आत जायचं होतं. त्याला गुहाच हवी होती आणि ती आम्ही दिली नाही. आम्ही त्याला बाहेर कोंडलं होतं, उजेडात.

उतरताना वाटेत बसलो. सहकारी सांगत होते की गोंडांची साडेसातशे गोत्रं आणि प्रत्येक गोत्र एक प्राणी, एक पक्षी आणि एक झाड जपतं. त्याला मारायचं नाही, तोडायचं नाही, खायचं नाही. त्यांच्या कुळाकडे कासव आहे. लेकीने डोळे मोठे केले. "मग तुमच्या घरी कासव आहे?"

ते हसले. "घरी कायले आणाचं, बेटा? ते नाल्यात राहते. कोणी पकडलं तर आम्ही सोडवतो, पाण्यात सोडून येतो. जपणं म्हणजे घरी आणणं नाही."

ते वाक्य ऐकलं आणि वर्षभर शोधत होतो ते मिळालं. आम्ही बादामवर प्रेम केलं होतं, यात खोट नाही. पण आमचं सगळं प्रेम हातात होतं. हात लावणं, उचलणं, धुणं, दाखवणं. त्याला काय हवं होतं हे आम्ही विचारलंच नाही, कारण आम्हाला काय हवं ते आम्हाला माहीत होतं.

आपल्याकडे या बाबतीत शिकवण कमी नाही. मांजरीला कोंडून उपाशी मारणाऱ्या बाईची हदीस लहानपणी आपण सगळ्यांनी ऐकली आहे. जमिनीवरचे प्राणी आणि आकाशातले पक्षी यांना कुरआन तुमच्यासारख्याच उम्मती म्हणतं. आणि अबू उमैर या मुलाची गोष्ट तर मला फार आवडते. त्याच्याकडे एक छोटा पक्षी होता. प्रेषित त्याच्या घरी आले की त्या पक्ष्याची विचारपूस करायचे. पाळायला परवानगी आहे, असं या हदीसवरून उलेमा सांगतात, आणि सोबत अट सांगतात की त्याला त्रास होता कामा नये. आपण परवानगी पटकन लक्षात ठेवतो. अट विसरतो. मांजरीच्या हदीसमध्ये भूक आहे म्हणून आपल्याला वाटतं, दाणापाणी दिलं की जबाबदारी संपली. बादामची वाटी भरलेली होती. तो भुकेने मेला नाही.

दोन महिन्यांपूर्वी ओळखीच्या एका विद्यार्थ्याने शहर सोडताना आपला हॅमस्टर आम्हाला विचारला. माझा नकार होता. लेकीने एक कागद पुढे केला. त्यावर तिने स्वतः नियम लिहिले होते. ते वाचून मी हो म्हटलं. ते नियम असे.

पहिले सात दिवस कोणी हात लावायचा नाही. पिंजरा माझ्या खोलीच्या कोपऱ्यात, टीव्हीपासून आणि मिक्सरपासून लांब. पिंजरा नव्हे, खरं तर मोठं पसरट प्लास्टिकचं खोकं, झाकणाला जाळी, आत वीतभराहून जास्त कागदी कातरण, म्हणजे त्याला खणता येईल. एक छोटं मडकं आडवं, ते त्याचं घर. मडक्यात उन्हाळ्यात गारवाही राहतो. चाक मोठं हवं, साधारण 28 सेंटिमीटर, नाहीतर पाठ वाकते. तो संध्याकाळी आणि रात्री जागतो, म्हणून दिवसा उठवायचं नाही. वरून झडप घालून उचलायचं नाही, घुबड असंच येतं. रोज मगरिबनंतर दाणा-पाणी ठेवायचं, हळू आवाजात दोन शब्द बोलायचे आणि निघायचं. सगळी कातरण एकदम बदलायची नाही, थोडी जुनी ठेवायची, कारण त्यात त्याचा वास असतो. तो पुसला की बिचाऱ्याला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. शेवटचा नियम लाल पेनाने होता. पाहुण्यांना दाखवायचं नाही.

पहिले दोन दिवस तो दिसलाच नाही. फक्त सकाळी दाणे कमी झालेले दिसायचे. गालाच्या पिशव्यांत भरून तो ते मडक्यात नेत होता. त्या पिशव्या खांद्यापर्यंत जातात. म्हणूनच अरबीत त्याला खुर्जीवाला अशा अर्थाचं टोपणनाव आहे. तिसऱ्या रात्री तो बाहेर आला, घाईने तोंड पुसलं, थबकला, परत आत गेला. लेक कुजबुजली, "अजून घाबरलाय." ती आता ओळखायला लागली होती. सहाव्या रात्री तो मडक्याबाहेर बसला आणि त्याने सगळं अंग साफ केलं. पंजे, नाक, गाल, कान, कूस, पोट, एक मागचा पाय लांब ताणून त्याची बोटं, मग दुसरा. शेवटी जांभई देऊन आळस दिला. आम्ही दोघं श्वास रोखून बघत होतो. मोबाईल कोणी काढला नाही.

दहाव्या दिवशी लेकीने तळहातावर एक बी ठेवून हात खोक्यात नुसता टेकवला. त्याने हुंगला, बी उचलली आणि गेला. एवढंच. तिला ईदी मिळाल्यासारखं झालं.

अंग साफ करणं थांबलं, केस विस्कटलेले, डोळे चिकट, किंवा उलट एकाच जागी चाटून चाटून टक्कल पडलं, खरूज दिसली, तर वाट पाहू नये. नवीन घरी आलेल्या पिल्लांना ताणामुळे जुलाबाचा एक जीवघेणा आजार होतो. शेपटीकडचा भाग ओला दिसतो. त्यात दोन-तीन दिवसांत जीव जाऊ शकतो, म्हणून त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्यावं. थंडीच्या पहाटे तो गार, निश्चल दिसला तरी लगेच मेला समजू नये. गोंदियात पारा दहाच्या खाली जातो, अशा गारठ्यात काही वेळा तो गाढ सुप्तावस्थेत जातो. हळूहळू ऊब द्यावी आणि डॉक्टरला फोन करावा. बादामच्या वेळी आम्हाला हेही माहीत नव्हतं.

आणि तरीही माझं मत विचाराल तर, हॅमस्टर विकत आणू नका. आमच्याकडे मे महिन्यात पारा 44-45 वर जातो. या जीवाला 18 ते 24 अंश मानवतात. खोली गार ठेवणं ज्यांना परवडत नाही, त्यांनी त्याला भट्टीत आणू नये. मुलाच्या वाढदिवसाची भेट म्हणून तर मुळीच नको. भेटवस्तू उघडून बघायची असते, आणि याला झाकून ठेवायचं असतं. दुकानदार दोन एकत्र देत असेल, 'जोडी आहे, करमेल' म्हणत असेल, तर सीरियन हॅमस्टरची जोडी एकमेकांना फाडते हे लक्षात ठेवा. केंद्र सरकारने 2018 मध्ये पाळीव प्राण्यांच्या दुकानांसाठी नियम केले आहेत, दुकानाला नोंदणी लागते. नोंदणी आहे का, एवढं तरी विचारा. विचारणारं गिऱ्हाईक वाढलं तरच दुकानं सुधारतील.

पण दुकानदाराला दोष देऊन मी सुटत नाही. आंघोळीचं पाणी माझ्या घरचं होतं. तो व्हिडिओ मी काढला होता. लेकीच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी तिला अखेर दिलं. नाही, बेटा, तो खूश नव्हता. आपण खूश होतो.

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग खोक्यावरची चादर नीट सारखी करून लाइट बंद करून बाहेर आली.